त्याच्या वतीनं मीच बोलते

घरात लोणच्याच्या रिकाम्या बरण्या कशा साठत जातात, कामाच्याही नसतात आणि फेकवतही नाहीत, तसे आमच्या पालक मंडळात किस्से साठलेत. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. चहा उकळेपर्यंत एक निघतो, त्याला लागून दुसरा निघतो, आणि ज्या ठरावासाठी जमलो तो पुढच्या रविवारवर जातो.

जमायची जागा म्हणजे चंद्रपुरातल्या आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराचा मागचा हॉल. वंदना आटोपली की समितीवाले चावी देतात आणि जाताना पंखे बंद करायला सांगतात. आम्ही सगळे ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप. मुलं म्हणायची सवय आहे म्हणून मुलं. सगळी विशी ओलांडलेली आहेत आणि काहींना दाढ्या आहेत. विषय दर रविवारी एकच असतो, मुलांना स्वावलंबी कसं करायचं. ही चर्चा चालू असताना मुलं बाहेर ओट्यावर बसतात, कारण आत फार गोंधळ असतो. गोंधळ आमचाच.

मंडळाचा कणा म्हणजे आम्ही तिघं. माजरीच्या कोळसा खाणीत फिटर असलेले गेडामभाऊ, त्यांची मुलगी पल्लवी. सावली गावाकडून येणाऱ्या बोरकरबाई, घरची धानाची शेती, मुलगा दिनेश. आणि मी. माझा निशांत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणजे बोलणं हा माझा धंदाच. मंडळाच्या वतीनं बोलायचं असलं की मलाच पुढं करतात. मुलांच्या वतीनं बोलायला मला कुणी पुढं करावं लागत नाही.

*

कुठलीही सवलत हवी असली की आधी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर टक्के असतात. पोरांचे टक्के वाढावेत म्हणून लोक शिकवण्या लावतात. आमचाही जीव टक्के वाढावेत म्हणूनच टांगणीला लागतो, फक्त ते कशाचे हे चारचौघांत सांगायची सोय नाही.

तर निशांतला घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, मी सांगितलं. झोप लागते का, राग येतो का, गर्दीत काय करतो, सगळं मी सांगितलं, उदाहरणांसकट. डॉक्टर बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जरा श्वास घ्या. तेवढ्यात मी त्याला विचारतो."

आणि निशांत बोलला. नाव सांगितलं, कुठं राहतो ते सांगितलं, शाळेत कोणत्या सरांची भीती वाटायची ते सांगितलं, आणि वर भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्यावरच राहिलंय हेही दाखवून दिलं. डॉक्टर खूश झाले. मी नाही. जन्मभर 'बोल रे बाबा' म्हणून ज्याच्या मागं लागले, तो नेमका टक्के ठरायच्या दिवशी बोलत सुटला होता.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, आजच काऊन एवढा बोलला?

तो म्हणाला, "आज कोणी विचारलं."

*

गेडामभाऊ मुलीबद्दल बोलताना नेहमी 'आम्ही' म्हणतात. आम्हाला गर्दी चालत नाही, आम्हाला भेंडी आवडत नाही, आम्ही रात्री लवकर झोपतो. नवीन माणसाला वाटतं हे स्वतःबद्दलच सांगताहेत, आणि भेंडीची भाजी वाढणारा हात मागं घेतो. भाऊंना स्वतःला भेंडी फार आवडते. मुलीपायी कित्येक वर्षं मिळालेली नाही.

पल्लवी तोंडानं फारसं बोलत नाही. बोटानं दाखवते, कधी मोबाईलवर टाइप करते. तिच्या बाबतीत भाऊंनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं की ती हॉटेलात फक्त साधा डोसा खाते. लहानपणी एकदा दुसरं काही दिल्यावर तिनं ताट लोटलं होतं, तेव्हापासून हा नियम. त्यामुळे कुठंही गेलं की भाऊ खुर्चीत बसायच्या आधीच डोसा सांगून मोकळे व्हायचे.

एकदा मीटिंगनंतर आम्ही सगळे हॉटेलात बसलो आणि ऑर्डर द्यायच्या वेळेलाच भाऊंना खाणीवरून फोन आला. आत ऐकू येईना म्हणून ते रस्त्यावर गेले. वेटर नवा होता, त्याला नियम माहीत नव्हता. त्यानं मेनूकार्ड पल्लवीसमोर ठेवलं. तिनं ते शांतपणे वाचलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. भाऊ परत आले तेव्हा ती लालभडक मंचुरियन खात होती, नाकातून पाणी येत होतं आणि थांबायचं नाव नव्हतं.

भाऊंनी वेटरला झापलं. म्हणाले, आम्हाला हे चालत नाही, आम्हाला तिखट अजिबात चालत नाही, हे कोणी मागितलं?

वेटरनं पल्लवीकडं पाहिलं, मग भाऊंकडं, आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमच्यासाठी मग काय आणू?"

*

हा किस्सा छोटा आहे. बोरकरबाईंच्या घरी कुठल्याशा कार्यक्रमाला पाहुणे जमले होते. त्यातले एक काका सगळ्यांना सल्ले देत फिरतात. त्यांनी दिनेशकडं पाहून फर्मावलं, की याचं लग्न लावून द्या, बायको आली की पोरगं सुधरते. डॉक्टरबिक्टर काही नको.

बोरकरबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं लावून पाह्यलं ना सगळ्यांनी."

*

वर्षातून एकदा आमच्या मुलांबद्दल जागरूकता करायचा दिवस येतो. एका वर्षी त्या दिवशी तालुक्यातून निवडून आलेले मोठे साहेब पाहुणे म्हणून मिळाले. पाहुणा मोठा म्हणून मांडव मोठा, मांडव मोठा म्हणून स्पीकर मोठे, आणि स्वागताला ढोलपथक. ज्या मुलांना मिक्सरचा आवाज सहन होत नाही, त्यांचा सन्मान ढोल बडवून करायचा हे कुणाच्या डोक्यातून आलं ते आम्ही अजून शोधतोय. मला अंधूक शंका आहे की ती मीटिंग माझ्याच अध्यक्षतेखाली झाली होती.

ढोल सुरू होताच आमच्या सगळ्या मुलांनी एकदम दोन्ही हात कानांवर ठेवले. साहेबांना वाटलं ही इथली स्वागताची पद्धत असावी. त्यांनीही कानांवर हात ठेवून मुलांना प्रतिसाद दिला. फोटो छान आला.

भाषणात साहेब म्हणाले की ही निरागस बाळं आहेत, यांना जगाचं काही कळत नाही, म्हणूनच ती सुखी आहेत. आम्ही पालकांनी टाळ्या वाजवल्या, कारण साहेबांकडून आम्हाला एक कायमचा हॉल हवा होता. मग प्रत्येक बाळाला एक फुगा आणि एक चित्र रंगवायचं पुस्तक. दिनेशची पाळी आली. दाढी वाढलेली, उंची साहेबांपेक्षा वीतभर जास्त. साहेबांनी टाचा उंचावून त्याच्या गालाला हात लावला आणि विचारलं, काय बाळा, आवडला का फुगा?

दिनेशनं फुगा पाहिला, साहेबांना पाहिलं, आणि माइक जवळ होता म्हणून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"मी वोटिंग केलं."

साहेबांनी गालावरचा हात काढला. तोच हात पुढं केला, हस्तांदोलन केलं, आणि बाजूच्या कार्यकर्त्याला सांगितलं, "अरे, भाऊले खुर्ची दे."

*

दिनेशनं चंद्रपूरहून सावलीला बसनं एकट्यानं जायचं, हे आम्ही मंडळात ठरवलं तेव्हा बोरकरबाई रडल्या. मग त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. खिडकीशी बसायचं, कोणी काही दिलं तर खायचं नाई, आणि काहीही झालं तरी मधात उतरायचं नाई. दिनेशनं सगळं ऐकलं, पिशवी घेतली आणि बसमध्ये जाऊन बसला. बस निघाली. स्वावलंबनाचा आमचा पहिला प्रयोग सुरू झाला, आणि लगेच आम्ही तिघं गेडामभाऊंच्या पांढऱ्या जुन्या गाडीत बसून त्या प्रयोगाच्या मागं निघालो.

नुसतं लांबून पाहायचं, असं ठरलं होतं. बोरकरबाई पुढच्या सीटवर बसून दर वळणाला विचारत होत्या, त्याचं डोकं दिसते का. भाऊ डोकं दिसावं म्हणून गाडी बसला चिकटवत होते. मूल गावाच्या अलीकडं जंगलाचा पट्टा लागला आणि गाडी खोकली, हळू झाली आणि बंद पडली. बस पुढं गेली. शेवटच्या खिडकीत दिनेशचं डोकं दिसलं. ते आमच्याकडंच वळलेलं होतं.

आम्ही थांबलो ती जागा म्हणजे नेमकी वन्यप्राण्यांपासून सावध राहायच्या पाटीसमोर. पाटीवर वाघाचं चित्र होतं आणि ते चित्रकारानं जीव ओतून काढलं होतं. बॉनेट उघडायला कोणी उतरावं यावर गाडीत बरीच चर्चा झाली. खाणीत आयुष्य काढलेले भाऊ म्हणाले, मशीनचं मले समजते, पण जनावराचं नाई. काचा वर करून आम्ही घामाघूम बसलो. बोरकरबाई अजूनही दिनेशचीच काळजी करत होत्या, की पोरगं एकटं काय करून राह्यलं असेल. शेवटी एक धानाचा ट्रॅक्टर आला, त्यानं दोरी बांधून आम्हाला मूलपर्यंत ओढत नेलं, आणि तिथून आम्ही बसनं सावली गाठली.

दिनेश घरी होता. आंघोळ करून, कपडे बदलून, पंख्याखाली पडला होता. त्यानं सांगितलं की मागं पांढरी गाडी होती, ती बंद पडली, आत आई होती.

बोरकरबाईंचा तोल सुटला. म्हणाल्या, आई जंगलात अडकलेली दिसली तर ड्रायव्हरले थांबवायचं नाई का, उतरायचं नाई का?

"तू म्हटलं, मधात उतरायचं नाई."

पुढच्या रविवारी प्रयोगाचा अहवाल मीच वाचला. मुलगा एकट्यानं प्रवास करू शकतो. पालकांना अजून सरावाची गरज आहे.

*

निशांतच्या नोकरीसाठी मी औषधांच्या एका ठोक विक्रेत्याशी बोलले. खोकी उघडायची, माल फडताळात लावायचा, असं काम. मालकांनी मुलाखतीला बोलावलं, निशांतला. आम्ही चौघं गेलो. मी, भाऊ, बोरकरबाई, आणि मागं निशांत.

मालकांनी विचारलं की काम जमेल का. मी दिव्यांगांचे हक्क सांगितले. भाऊंनी कायदा काय म्हणतो ते सांगितलं. बोरकरबाईंनी निशांतला गर्दीत काय होतं ते इतक्या बारकाव्यानं सांगितलं, की मालकांनी दोनदा पाणी मागवलं. या सगळ्या वेळात निशांत दुकानात मागं गेला होता आणि अर्धवट उघडलेलं एक खोकं त्यानं फडताळात लावून टाकलं होतं. मालक ते पाहून आले आणि म्हणाले की पोरगा ठेवतो, उद्यापासून येऊ द्या.

मग मला हात जोडून म्हणाले, "फक्त तुम्ही लोक येऊ नका."

मी म्हटलं, नाही येणार. आणि तीन-चार दिवस खरंच गेले नाही. मग डोकं दुखायला लागलं. खरंच दुखत होतं. रस्त्यात औषधाची कितीतरी दुकानं होती, पण गोळी घ्यायला मी नेमकी तिथंच गेले. निशांत काउंटरजवळ खोकी मोजत होता. पोटावर ॲप्रन, खिशाला पेन.  मी हळूच म्हटलं, एक पॅरासिटामॉलची पट्टी दे ना.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जसं तो तिथं येणाऱ्या प्रत्येकाकडं पाहत असेल.

"ताई, इथी किरकोळ मिळत नाई."

*

आता कायदेशीर पालकत्वाचं सांगते. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते मोठं, मग आईची सही चालत नाही. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं अडतं. त्यासाठी अर्ज करून, समितीसमोर उभं राहून, आईलाच पुन्हा कायदेशीर पालक करून घ्यावं लागतं. या अर्जांसाठी मी मंडळाच्या वतीनं इतके खेटे घातलेत, इतक्या मीटिंगा केल्यात, कधी नागपूर, कधी गडचिरोली, की शेवटी माझ्या स्वतःच्या मुलाच्या सुनावणीची तारीख लागली तेव्हा मला प्रश्नही पाठ होते आणि उत्तरंही.

आत समितीच्या एक मॅडम होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज मऊ. त्यांनी वडिलांबद्दल विचारलं. मी सांगितलं की ते नाहीत, अचानक गेले, घरात आम्ही दोघंच. मग मी माझं म्हणणं मांडायला सुरुवात केली. निशांत नोकरी करतो, पण घरात त्याला काही येत नाही. गॅसजवळ मी त्याला जाऊ देत नाही. मी बाहेरगावी जाते तेव्हा सिलिंडर बंद करून, डबा भरून ठेवून जाते. तो पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे. हे शेवटचं वाक्य अर्जात लागतं, म्हणून मी ते दोनदा म्हटलं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि निशांतकडं वळल्या.

"निशांत, आई नसेल तेव्हा तू काय करशील?"

मी तोंड उघडलं होतं. पण तो माझ्या आधी बोलला.

"भात करीन."

मी मॅडमना म्हटलं की त्याला भात येत नाही, तो आपलं काहीतरी सांगतोय.

"येते," निशांत म्हणाला. "कुकर लावता येते. फोडणीचं वरणपण येते."

मी विचारलं, कधी शिकला?

"तू मीटिंगले जाते तेव्हा."

मला घासून पालथी घातलेली पातेली आठवली. मी समजत होते की शेजारच्या काकू येऊन मदत करतात. मी डब्याचं विचारलं, तर म्हणाला, डबा काकूले देतो, काकूले तुझी भाजी आवडते. काकू गेली दोन-तीन वर्षं माझ्या वांग्याच्या भाजीचं कौतुक करत होत्या, आणि मी त्यांना ती कधीच खाऊ घातलेली नव्हती. मॅडमनी हसू लपवायला खाली पाहिलं. मग त्या थोडं पुढं वाकल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आम्ही सगळे आईबाप रोज पोटात घेऊन झोपतो आणि मुलांसमोर कधीच काढत नाही.

"तसं नाही, निशांत. मीटिंगला गेली असं नाही. आई कायमचीच नसेल, तर?"

 निशांत खुर्चीत माझ्याकडं वळला. सहसा तो कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही.

"आई, कधी जाऊन राह्यली?"

मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ होती. याचं नव्हतं. मी पदर सारखा केला. मग म्हटलं, माहीत नाही रे.

 बाहेर कुणीतरी कुणाच्यातरी नावाचा पुकारा करत होतं.

"सांगून जाजो," तो म्हणाला. "बाबाच्या वेळी भात उरला होता."